‘हवा कमी, पकड जास्त’ हा नियम कुठे मोडतो? वेताळ टेकडी, उन्हाळी बर्फ आणि प्रयोगाची वही

गेल्या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. आमच्या लॅबमधला एक ज्युनिअर नवीन माउंटन बाइक घेऊन रविवारी वेताळ टेकडीवर निघाला होता. आदल्या रात्री त्याचा मेसेज आला, “ताई, हवा किती ठेवू?” माझा पीएचडीचा विषयच टायर आणि माती. त्यामुळे असा प्रश्न आला की मला उत्तर देण्याची घाई होते. मी लिहिलं, “२६ वर असेल तर १६ वर आण. हवा कमी, पकड जास्त.”

खाणीच्या वरच्या अंगाला उताराचं एक वळण आहे. तिथे त्याचा पुढचा टायर कडेवर दुमडला, रिमपासून सुटला, फस्सकन हवा गेली आणि तो खांद्यावर आपटला. कॉलरबोन मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. भेटायला गेले तेव्हा त्याने अजिबात न रागावता विचारलं, “ताई, पण हवा कमी केली की पकड वाढते, हे तर तूच सेमिनारमध्ये दाखवलं होतंस ना?”

दाखवलं होतं, खरंच. आकडे चुकीचे नव्हते. पण ते ऑगस्टमधल्या मातीचे होते, आणि तो पडला मार्चमध्ये.

हा लेख त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे. सायकल न चालवणाऱ्यांनीही वाचावा, कारण जी चूक मी त्याच्या खांद्यावर केली, तीच चूक त्याच वर्षी माझ्या डेटामध्येही होती. रिसर्चला येणाऱ्या बहुतेकांकडून ती एकदा तरी होतेच.

टेकडी तीच, जमीन वेगळी

वेताळ टेकडी ही पुणे शहरातली सगळ्यात उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. खाली दख्खनचा बसाल्ट. तो झिजून, कुजून जे तयार होतं त्याला आपण मुरूम म्हणतो. पावसाळ्यात या मुरमावरची पातळ माती ओली असते. टायर तिच्यात थोडा रुततो, टायरवरचे उंचवटे म्हणजे नॉब मातीत घुसतात आणि चाक धरून ठेवतात.

ऑक्टोबरनंतर पाणी उडून जातं. हजारो पावलं आणि चाकं तीच वाट दाबत राहतात. मार्चपर्यंत खालचा थर फरशीसारखा कडक होतो आणि त्याच्यावर सुटी बारीक खडी पसरलेली राहते. ज्वारीचे दाणे सांडलेल्या फरशीवर चालून बघा, म्हणजे कल्पना येईल. जमीन भक्कम आहे, पण तुमच्या आणि तिच्या मधे दाणे आहेत.

म्हणजे आता थर दोन आहेत आणि चाक घसरणार ते दोघांतल्या कमकुवत थरात. खालचा मुरूम कितीही मजबूत असो, वरची खडी सरकली की त्याचा उपयोग शून्य.

पकड येते कुठून?

विजेच्या प्रभाराच्या एककाला ज्याचं नाव दिलंय तो कूलॉम मूळचा फ्रेंच सैन्यातला इंजिनिअर. किल्ल्यांच्या भिंती आणि त्यांच्यामागची माती हा त्याच्या रोजच्या कामाचा भाग. १७७६ मध्ये छापून आलेल्या निबंधात त्याने मातीच्या ताकदीचे दोन भाग केले. आजही आम्ही तेच वापरतो. टायरसाठी साध्या भाषेत ते असं लिहिता येईल:

जास्तीत जास्त पकड = (कणांची बांधणी × टेकलेलं क्षेत्रफळ) + (चाकावरचा भार × कणांमधलं घर्षण)

पहिला भाग बांधणीचा. लॅबमध्ये आम्ही त्याला कोहेजन म्हणतो. ओल्या चिकणमातीचे कण एकमेकांना धरून असतात, त्यामुळे तुम्ही जितक्या जास्त जागेवर टेकाल तितके जास्त कण तुमच्या बाजूने उभे राहतात. दुसरा भाग घर्षणाचा. कोरडी वाळू किंवा सुटी खडी घ्या. कण एकमेकांना चिकटलेले नाहीत, फक्त वरच्या वजनामुळे घासतात. नीट बघा, या दुसऱ्या भागात क्षेत्रफळ कुठेच नाही. टायर मोठ्या जागेवर टेकला काय किंवा छोट्या जागेवर, भार तोच असेल तर पकडही जवळपास तीच.

आता हवेचं गणित करू. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो धरा. मागच्या चाकावर त्यातला साधारण ६० टक्के भार येतो, म्हणजे अंदाजे ५०० न्यूटन. टायरची स्वतःची ताठरता सोडून दिली, तर टेकलेलं क्षेत्रफळ म्हणजे भार भागिले हवेचा दाब.

२६ पीएसआय म्हणजे सुमारे १७९ किलोपास्कल. क्षेत्रफळ २८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे पत्त्याच्या पानाचा अर्धा भाग.

१६ पीएसआय म्हणजे सुमारे ११० किलोपास्कल. क्षेत्रफळ ४५ चौरस सेंटिमीटर, पत्त्याच्या अख्ख्या पानापेक्षा थोडं कमी.

क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त वाढलं. ऑगस्टमध्ये बांधणीचा भाग मोठा असतो, म्हणून ही वाढ थेट पकडीत दिसते. माझ्या सेमिनारमधला आलेख हाच होता. मार्चमध्ये सुट्या खडीची बांधणी जवळपास शून्य. शून्याला दीडने गुणा नाहीतर दहाने, हाती शून्यच. हवा कमी करून त्याला या हिशेबात काहीच मिळालं नाही.

मिळालं नाही ते नाहीच, वर तोटा झाला. मऊ जमिनीवर वळताना माती थोडी सरकते आणि धक्का वाटून घेते. कडक जमीन सरकत नाही. सगळा आडवा जोर टायरच्या कडेच्या भिंतीवर येतो. १६ पीएसआयला ती भिंत दुमडली, ट्यूबलेस टायरची कड रिमवरून सुटली. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मग हवा दगडासारखी भरायची का?

नाही. इथे आणखी एक गोष्ट आहे जी वरच्या समीकरणात दिसत नाही. समीकरण धरून चालतं की चाक सतत जमिनीला टेकलेलं आहे. कडक वाटेवर बारीक खळगे आणि दगड असतात. टायर फार ताठ असेल तर तो त्यांच्यावरून उडतो, आणि हवेत असलेल्या चाकावर भार शून्य, म्हणून पकडही शून्य. थोडा मऊ टायर दगडाला कुशीत घेतो आणि टेकलेला राहतो.

म्हणजे मऊ टायरचा फायदा दोन्ही ऋतूंत आहे, पण कारण वेगळं आहे. पावसाळ्यात क्षेत्रफळासाठी, उन्हाळ्यात संपर्क टिकवण्यासाठी. कारण बदललं की मर्यादाही बदलते. कडक जमिनीवर हवा किती कमी करायची याची खालची सीमा टायरची कडेची भिंत ठरवते. मी आता असं सांगते: कंपनीने टायरवर छापलेली किमान मर्यादा आधी वाचा. नेहमीच्या दाबापासून सुरुवात करा, ओळखीच्या छोट्या वळणावर हळू वेगात एकेक पीएसआय कमी करत जा. टायर कडेला लवचिक वाटायला लागला किंवा रिम दगडावर आपटल्याचा आवाज आला की थांबा आणि दोन पीएसआय परत भरा.

नॉबचंही तसंच. उंच, विरळ नॉब चिखलासाठी असतात. ते मातीत घुसायला हवेत. कडक जमिनीत घुसायला जागाच नसते, मग ते खोडरबरासारखे वाकतात आणि वळणावर सायकल डुलल्यासारखी वाटते. इथे बुटके, जवळजवळ बसवलेले नॉब बरे.

सस्पेन्शनमध्ये पहिल्यांदा सॅग मोजा. सायकलवर नुसतं बसल्यावर फोर्क किती खाली जातो, ते म्हणजे सॅग. फोर्कच्या दांडीवरची रबरी रिंग खाली सरकवायची, अलगद बसायचं, अलगद उतरायचं आणि रिंग किती सरकली ते पट्टीने मोजायचं. एकूण हालचालीच्या २५ ते ३० टक्के हा सुरुवातीचा नेहमीचा आकडा. १२० मिलिमीटरच्या फोर्कला ३० ते ३६ मिलिमीटर. मग रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत वर यायचा वेग. बारीक खळग्यांच्या वाटेवर तो फार मंद ठेवला तर पुढचा खळगा येईपर्यंत फोर्क वर आलेलाच नसतो आणि हळूहळू दबूनच राहतो. फार जलद ठेवला तर चाक उड्या मारतं.

हेच बर्फावर

ज्यांनी मनालीला किंवा उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलाय, त्यांना मार्च-मार्चनंतरचा बर्फ माहीत आहे. दिवसा वरचा थर वितळतो, रात्री परत गोठतो. असं रोज झालं की बर्फाचे कण एकमेकांना पक्के जोडले जातात. ताज्या भुसभुशीत बर्फाची घनता घनमीटरला ५० ते १०० किलो असते, वसंतातल्या दबलेल्या बर्फाची ४०० ते ५०० पर्यंत जाते. पहाटे त्यावरून खुशाल चालता येतं, दुपारी त्याच जागी पाय गुडघ्यापर्यंत जातो. चढाईला मध्यरात्री निघतात त्याचं एक मोठं कारण हेच.

बर्फात चालणारी स्नो बाइक ही बहुतेकदा साधी ऑफ-रोड मोटरसायकलच असते. पुढचं चाक काढून तिथे एक स्की बसवतात आणि मागच्या चाकाच्या जागी रबरी ट्रॅक. ट्रॅकवर पाच सेंटिमीटर किंवा त्याहून उंच रबरी वल्ही असतात. ही सगळी रचना खोल, मऊ बर्फासाठी आहे. तिथे मुख्य प्रश्न रुतण्याचा.

रुतण्याचं गणित मांडलं ते पोलंडमध्ये जन्मलेल्या मिएचिस्वाव बेकर यांनी. त्यांचं जमिनीवरच्या वाहतुकीच्या सिद्धांताचं पुस्तक १९५६ मध्ये आलं, आणि पुढे १९७१ मध्ये अपोलो १५ बरोबर चंद्रावर गेलेल्या गाडीच्या रचनेतही त्यांचा मोठा वाटा होता. त्या गाडीच्या टायरमध्ये हवा नव्हतीच, पोलादी तारेची विणलेली जाळी होती. बेकर यांच्या समीकरणाचा गाभा असा: दाब जितका जास्त तितकं चाक खोल जातं, पण किती खोल, हे त्या जमिनीचे स्वतःचे आकडे ठरवतात. ते आकडे मोजल्याशिवाय समीकरण नुसतं वहीतच राहतं.

पहाटेच्या कडक बर्फावर रुतणं जवळपास शून्य. म्हणजे तरंगायची सोय निरुपयोगी. बांधणी मात्र भरपूर, कारण कण बर्फानेच जोडलेले आहेत. मग पकड भरपूर मिळायला हवी, नाही का? मिळत नाही. बांधणीचा फायदा घ्यायला आधी त्या थरात काहीतरी घुसायला लागतं. रबरी वल्हं वरच वाकतं आणि गुळगुळीत पृष्ठभागावर सरकतं. म्हणून इथे धारदार, कठीण वस्तू लागते: स्कीच्या तळाला कार्बाइडची धार आणि सायकल असेल तर टायरमध्ये कार्बाइडचे स्टड. गिर्यारोहक बुटाला क्रॅम्पॉन लावतात, तेच तत्त्व.

सस्पेन्शनचा हेतूही उलटतो. खोल बर्फात भार मागे घेऊन स्की वर तरंगत ठेवायची असते. कडक बर्फावर स्की हलकी राहिली तर हँडल वळवलं तरी गाडी सरळच जाते. म्हणून ट्रॅकच्या पुढच्या बाजूचा लिमिटर स्ट्रॅप थोडा आखूड करतात. त्याने ट्रॅकचं पुढचं टोक उचललं जातं आणि स्कीवर भार वाढतो. फार आखूड केला तर हँडल जड होतं आणि गोठलेल्या जुन्या चाकोऱ्यांत स्की आपोआप ओढली जाते. तिथेही थोडं थोडं करूनच बघावं लागतं.

एक गोष्ट मात्र टेकडीवरून शिकता आली नसती. स्नो बाइकच्या ट्रॅकखालच्या प्लॅस्टिकच्या घसरपट्ट्या थंड राहतात त्या उडालेल्या बर्फाने. कडक बर्फ उडत नाही. त्यामुळे थंडीत, बर्फावर चालत असूनही त्या पट्ट्या तापतात! उपाय म्हणून पृष्ठभाग खरवडणाऱ्या स्क्रॅचर नावाच्या लवचिक दांड्या लावतात. त्या बर्फाचा चुरा वर उडवतात. आपलं मॉडेल दुसऱ्या जागी नेताना असं काहीतरी निसटतंच, हे लक्षात ठेवा. पकडीच्या समीकरणात तापमान नव्हतं, म्हणून मला ते सुचलंही नसतं.

आणि आता माझी वही

अपघातानंतर मी माझी मागच्या हंगामाची रीडिंग पुन्हा काढली. २४ आणि २६ पीएसआयमध्ये घसरण किती बदलते, हे मी पाहत होते. २४ ची रीडिंग सकाळी घेतलेली, २६ ची दुपारी, कारण सकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते आणि सगळी रीडिंग तेव्हा उरकत नव्हती. सरांनी वही पाहून एकच प्रश्न विचारला, “दुपारी हवा मोजलीस का परत?”

नव्हती मोजली. घरी येऊन हिशेब केला. पुण्यात हवेचा दाब साधारण १३.८ पीएसआय. १६ अंश तापमानाला २६ पीएसआय भरली तर टायरमधला खरा दाब ३९.८. दुपारी ३६ अंशाला तो ३०९ भागिले २८९ या पटीत वाढतो, ४२.५ च्या आसपास होतो. गेजवर दिसेल जवळपास २८.७. म्हणजे नुसत्या उन्हाने पावणेतीन पीएसआय वाढले आणि मी शोधत होते दोन पीएसआयचा परिणाम. शिवाय सकाळी दवाने वरची धूळ किंचित दमट, दुपारी ठणठणीत. दाब, तापमान, ओल, तिन्ही एकदम बदललेले. फरक दिसत होता, पण तो कशाचा, हे त्या वहीतून कुणालाच सांगता आलं नसतं. सहा आठवड्यांचं काम बाजूला ठेवावं लागलं. योगायोगाने, तो हात गळ्यात घालून होता तेवढेच आठवडे.

थंड प्रदेशात हाच परिणाम उलटा होतो. जाड टायरच्या फॅट बाइकला घरात २० अंशाला ८ पीएसआय भरून उणे १० अंशात बाहेर काढली, तर दाब सहाच्या खाली येतो. आठवरून सहा म्हणजे पाव हिस्सा गेला.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक फेरीला ठरलेले रकाने आहेत.

पहिला रकाना जमिनीचा. बर्फाचा अभ्यास करणारे लोक थराची कडकता हाताने ठरवतात: मूठ जाते का, चार बोटं जातात का, एक बोट, पेन्सिल, की फक्त सुरी? महागडं उपकरण नसताना ही पायरी किती उपयोगी आहे! मी टेकडीवर बोट, पेन्सिल आणि स्क्रू-ड्रायव्हर वापरते, आणि वरची सुटी खडी किती मिलिमीटर आहे ते पट्टीने मोजते. दुसरा रकाना वेळ आणि तापमानाचा. तिसरा, फेरी सुरू होण्याच्या लगेच आधी मोजलेल्या दाबाचा.

चौथा रकाना ‘काय बदललं’. त्यात एकच गोष्ट लिहायला जागा आहे. दोन लिहाव्या लागल्या तर ती फेरी बाद.

पाचवा रकाना ‘परत’. आधी २६, मग २४, मग पुन्हा २६. दुसऱ्यांदा २६ ला पहिल्यासारखंच रीडिंग आलं नाही, तर मधल्या काळात दुसरंच काहीतरी बदललंय असं समजायचं. या एका सवयीने माझा सगळ्यात जास्त डेटा वाचलाय.

एक कबूल करते. एका वेळी एकच बदल ही पद्धत सगळीकडे पुरत नाही. हवा आणि सॅग यांचा एकमेकांवर परिणाम होतो, आणि असे जोड-परिणाम शोधायला दोन्ही ठरवून, आखून एकत्र बदलावे लागतात. त्याला प्रयोगाची रचना नावाचं वेगळं शास्त्र आहे, त्यावर पुढे कधीतरी लिहीन. पण आखून दोन बदलणं आणि नकळत तीन बदलून बसणं यांत फार फरक आहे.

ज्युनिअर आता बरा आहे. परवा तो परत टेकडीवर निघाला तेव्हा विचारायला आला, “ताई, हवा किती ठेवू?” मी म्हटलं, “आधी जमिनीत पेन्सिल जाते का ते बघून सांग.” तो हसला, पण खिशात पेन्सिल घेऊन गेला.